खिडकीखालचं खुराडं

३ एप्रिल

प्रिय वन्सं,

फोन सोडून ही पत्र का लिहायला बसली, असं तुम्हाला वाटेल. या घरात फोनला रेंज मिळते ती फक्त आईंच्या पलंगापाशी, पश्चिमेच्या खिडकीत. तिथे उभं राहून मी तोंड उघडलं की तुमच्या आई कान टवकारतात, आणि मग मी 'हो', 'बरं', 'सगळं ठीक' यापलीकडे जात नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे आता नुसता उजेड आणि अंधार उरला आहे, पण कान! परवा मी मोरीत साबणाची वडी मोडून अर्धी केली, तर पलंगावरून आवाज आला, "उरलेली झाकून ठेव, उंदीर नेतात."

तब्येत तशी बरी आहे. खुब्याचं हाड मोडलं त्याला आता दोन वर्षं झाली. पलंगावर बसतात, आधाराने पाय खाली सोडतात, त्यापुढे नाही. दिवसभर सगळं लक्ष खिडकीखालच्या खुराड्याकडे. त्या सात कोंबड्या म्हणजे त्यांचं वर्तमानपत्र. कोणी कोणाला टोचलं, कोणी अंडं घातलं, ते त्याच मला आतून सांगतात. संध्याकाळी साडेपाचला मी अंगणात उभी राहून एकेकीला हाक मारते. थोरली, मास्तरीण, काळी, दुधी, भित्री, भांडखोर आणि सगळ्यात शेवटी टकली, जिच्या मानेवर जन्मापासून पीस नाही. एकेक जण फळीवरून टपटप चढून आत जाते आणि आई बोटं मोजतात. "सात?" "सात." मग आमचा दिवस संपतो.

यंदा ऊन मात्र हात धुऊन पाठीस लागलं आहे. खुराड्याचा पत्रा दुपारी असा तापतो की पाण्याचा थेंब टाकला तर नाचून नाहीसा होतो. कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात. काल अंडं हातात घेतलं तर कवच कागदासारखं, बोटाने दबलं. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात आहात, तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचाराल का काय करावं ते?

आता ज्यासाठी पत्र, ते. आमचे चष्मेवाले आले होते. आई पडायच्या आधी सहा वर्षं मी त्यांच्याकडे काचा घासून चौकटीत बसवायचं काम केलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते दुसऱ्या शहरात दुकान काढताहेत. काचांची सगळी खोली माझ्यावर सोपवायची म्हणतात, राहायला वरच एक खोली आहे. पंधरा जूनपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाले. वन्सं, त्या चाकाचा थरथराट अजून माझ्या बोटांत आहे. तुमचे दादा गेल्यापासून तीन वर्षांत मला कोणी 'तू येशील का' असं विचारलेलं नाही. 'तू आहेस ना' असंच सगळे विचारतात.

आई तुमच्याकडे काही महिने राहतील का? मी त्यांच्यापाशी विषय काढून पाहिला. त्या म्हणाल्या, "माझी शेवटची कोंबडी अंगणात आहे तोवर मी हलायची नाही. ती गेली की मला कुठंही न्या, पोतं उचलल्यासारखं." सात आहेत, आणि सातही ठणठणीत.

तुमची,
वहिनी


१२ एप्रिल

प्रिय वहिनी,

किती वेळा सांगू, मला वन्सं म्हणू नकोस. मला लगेच हातात छडी असल्यासारखं वाटतं. आपण एका वयाच्या आहोत. तू म्हण.

कोंबड्यांचं आधी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना घाम येत नाही, त्यामुळे अंगातली सगळी उष्णता चोचीतून, तुऱ्यातून आणि पायांतून बाहेर टाकावी लागते. दाणे पहाटे आणि उन्हं उतरल्यावरच घाल. भर दुपारी पोटात दाणे असले की ते पचवतानाच अंग तापतं. पाणी एका जागी ठेवू नकोस, तीन-चार ठिकाणी पसरट भांड्यांत ठेव, सावलीत, आणि दर दोन तासांनी बदल. कोमट पाणी त्या पीत नाहीत, तहानेने मरतील पण पिणार नाहीत. एका भांड्यात पायापुरतं पाणी ठेव, त्यात उभ्या राहतील. पत्र्यावर वाळलेलं गवत पसर, त्यावर ओली गोणपाटं. धापा टाकण्यानेच अंड्याचं कवच पातळ होतं, शिंपल्यांचा चुरा घाल. आणि खुराडं पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं आहे तेच मुळात चुकीचं, ते पूर्वेला तुतीच्या झाडाखाली ने. टकलीची काळजी नको. उघड्या मानेच्या कोंबड्या उन्हाला सगळ्यांत चिवट.

हिरवी जाळी आणि क्षारांची पूड वेगळ्या पार्सलने पाठवते आहे.

तुझ्या कामाचं वाचून बरं वाटलं. आईला इथे आणायचं तर चौथा मजला, लिफ्ट निम्मे दिवस बंद, त्यात यांच्या कामाच्या वेळा विचित्र. बघू. शिवाय आईचा शब्द तुला माहीत आहे. कोंबड्या असताना ती येणारच नाही. तेव्हा आधी त्यांना एवढा उन्हाळा काढू दे.

तुझी,
(वन्सं नसलेली) नणंद


२६ एप्रिल

प्रिय वन्सं,

सवय जात नाही, माफ करा.

जाळी बांधली. गोणपाटं घातली. दिवसातून सहा वेळा पाणी बदलते. आई म्हणतात, "मला दोनदा विचारतेस, त्यांना सहादा. पुढच्या जन्मी मी पंखच घेऊन येईन." पायापुरत्या पाण्यात पहिली मास्तरीण उतरली, एक पाय आत, एक बाहेर, जणू वर्गात शिरावं की नको. मग बाकीच्या सगळ्या तिच्यामागे. मी एकटीच अंगणात हसले. आतून लगेच, "काय झालं? मलाही सांग."

खुराडं मात्र हलत नाही. तुतीखाली नेते म्हटल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "तिकडे नेलंस तर मी इथे काय ऐकू? भिंत?" मी म्हटलं, दुपारी निदान खिडकी तरी लावू, झळा सरळ तुमच्या तोंडावर येतात. तेही नाही. खिडकी लावली की आवाज बंद. तेव्हा दुपारी बाराला मी ओल्या चादरीचा पडदा लावते, तो साडेबाराला वाळतो, पुन्हा भिजवते. कोंबड्या आणि आई, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना भाजतात, आणि मी मधे बादली घेऊन आतबाहेर करते.

पूर्वेला आमची खोली आहे, तुम्हाला आठवते ना. तुतीची सावली सगळी तिच्या खिडकीवर. दादा गेल्यावर मी कुलूप घातलं ते घातलं. मी आईंच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकून निजते. किल्ली कुठे आहे ते मला माहीत आहे, एवढंच.

आता एक गोष्ट, फोनवर बोलू नका. मंगळवारी भित्री गेली. दुपारी भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती, पंख सैल सोडून. मला वाटलं झोपली. आईंना सांगवेना. संध्याकाळी मी सात हाका मारल्या. भित्रीचं नाव आलं तेव्हा टकलीला मागच्या झडपेतून हळूच बाहेर काढलं आणि पुन्हा फळीवर सोडलं. टपटप आवाज झाला. "सात?" "सात." टकलीने माझ्याकडे असं पाहिलं की बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना.

चष्मेवाल्यांनी निरोप पाठवला होता. अजून काही कळवलं नाही.

तुमची,
वहिनी


६ मे

प्रिय वहिनी,

भित्रीचं वाचून वाईट वाटलं. आईला सांगितलं नाहीस ते बरं केलंस, मीही रविवारच्या फोनवर काही बोलले नाही.

आता नीट लक्ष दे. एखादी कोंबडी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसली, तुरा फिका पडला, हाक मारल्यावर मान वळवेना, की वेळ घालवू नकोस. आधी सावलीत, घरातल्या सगळ्यात थंड जागी ने. पाय गार पाण्यात ठेव. गार म्हणजे माठातलं, बर्फाचं नाही. बर्फाच्या पाण्यात बुडवलीस तर धक्क्यानेच जाईल. पंखांखाली ओलं फडकं फिरव, वारा घाल. शुद्धीवर आली, स्वतः गिळायला लागली की मगच मीठ-साखरेचं पाणी, थेंबथेंब, चोचीच्या कडेला. आधी ओतायचं नाही, घशात अडकतं. आणि घाबरायचं नाही. तुझे हात थरथरले की तीही फडफडते आणि आणखी तापते.

ही चिठ्ठी खुराड्याच्या दारावर चिकटवून ठेव. आणखी पूड पाठवली आहे. सहाच्या सहा जगव, वहिनी. आईसाठी. तिच्या जिवाला दुसरं आहे काय?

तुझी,
नणंद


१९ मे

वन्सं,

सहा नाहीत. तीन आहेत.

चौदा तारखेला सकाळी दहापासून वीज नव्हती. वाऱ्याला हात लावला तर भाजेल असं वाटत होतं. मी आईंना वारा घालत होते, त्या म्हणाल्या, "जा, त्यांच्याकडे बघ, त्या गप्प आहेत." बाहेर गेले तर दुधी आणि काळी पाण्याच्या भांड्याशेजारीच पडल्या होत्या. मास्तरीण उभी होती, चोच उघडी, पंख पसरलेले. मी शेजारच्या शिवणकामवालीकडून बर्फ आणला होता, तोच बादलीत ओतला आणि तिला मानेपर्यंत बुडवली. तुमची चिठ्ठी दारावरच होती. वाचलेली होती, पाठ होती. तरी बुडवली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान टाकली.

तिघींना तुतीखाली पुरलं. माती ओढताना माझ्या मनात आलं, आता तीनच राहिल्या. आणि वन्सं, मला हलकं वाटलं. हातात फावडं, आणि छातीवरचं ओझं कोणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं. मग मी तिथेच खाली बसले.

संध्याकाळी टकली पाच वेळा फळी चढली. शेवटच्या वेळी ती इतकी दमली होती की मी तिला छातीशी धरून अर्धी फळी चढवली आणि बोटांनीच टपटप केलं. आतून आवाज, "सात?" मी म्हटलं, "सात."

त्यानंतर मी तुमची दोन्ही पत्रं काढून वाचली. कोंबड्यांबद्दल तीन पानं आहेत. माझ्या कामाबद्दल, एका पत्रात चार ओळी आणि दुसऱ्यात एकही नाही. मग मला कळलं. मूर्ख आहे, उशिरा कळलं. तू इतक्या मनापासून जाळ्या पाठवतेस, पुड्या पाठवतेस, कारण त्या जगल्या की आई इथे. आणि आई इथे म्हणजे मी इथे. तुला तुझा चौथा मजला मोकळा हवा आहे, तर सरळ सांग ना. मी रोज भर उन्हात गोणपाटं भिजवते आणि माझ्याच दाराला आणखी एक कडी लावते. तेही तुझ्या सूचनांप्रमाणे, दर दोन तासांनी.

सोडूनही देता येत नाही. काल मी ठरवलं, एक दुपार पाणी बदलायचं नाही. अडीच वाजता बादली घेऊन गेलेच. भांडखोर माझ्या पायात येऊन उभी राहिली. तिला काय माहीत, मी कशासाठी आत बसले होते ते.

वहिनी


२७ मे

वहिनी,

तू मला 'तू' म्हटलंस. अशा पत्रात म्हणशील असं वाटलं नव्हतं.

तुझं खरं आहे. मला त्या जगायला हव्या होत्या, आईपेक्षा माझ्यासाठी. पण चौथा मजला मला मोकळा नको होता. चौथा मजला आता माझा नाहीच. चौदा महिने झाले मी तिथून निघून. का, ते कधी समोर बसून सांगेन. आता मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहते. एक खाट, एक शेगडी, वर पत्रा. भिंतीपलीकडे आजारी कुत्र्यांचे पिंजरे. कोंबड्यांना सावली कशी करायची ते मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी स्वतःच्या पत्र्यावर गवत टाक." टाकलं आहे.

रविवारी आईला फोन करताना मी दाराखाली चादर कोंबते. तरी कुत्री भुंकतात. मी सांगते, टीव्ही चालू आहे. गेल्या रविवारी आई म्हणाली, "तुमच्या टीव्हीवर फार कुत्री असतात गं."

आईला इथे कशी आणू? आणि मी तिकडे कोणत्या तोंडाने येऊ? लग्नाच्या वेळी ती म्हणाली होती, हा माणूस टिकायचा नाही. मी उंबऱ्यात उभी राहून म्हणाले होते, "नाही टिकला तर तुझ्या दारात येणार नाही, घाबरू नकोस." दादा तिथेच होता, त्याने माझी बॅग पुन्हा आत ठेवली होती. मी ती उचलून निघाले.

तेव्हा मी तुला कोंबड्या कशा वाचवायच्या ते लिहीत बसले. तेवढंच मला येत होतं. आज तारीख सत्तावीस. तू पंधराला जा. कसं, ते मला माहीत नाही.

नणंद


४ जून

प्रिय वन्सं (की तू? आता तू म्हटलंच आहे, राहू दे),

घाबरू नकोस, आई बऱ्या आहेत. आधी हे वाच, मग पुढचं.

परवा, दोन तारखेला दुपारी, मी अंगणात गोणपाटं बदलून आत आले. पाऊल घरात टाकलं की रोज आवाज येतो, "कोण?" मीच असणार हे माहीत असून विचारतात. परवा आला नाही. खिडकी सताड उघडी, पडदा वाळून कडक. आई उशीवर मान मागे टाकून, तोंड उघडं, दोन्ही हात अंगापासून दूर पसरलेले. अंग तव्यासारखं, आणि कोरडं. मी हाक मारली, त्यांनी मान वळवली नाही.

वन्सं, त्या क्षणी मला डॉक्टर आठवला नाही, कोणी आठवलं नाही. तुझी सहा मेची चिठ्ठी डोळ्यांपुढे आली, शब्दन् शब्द. घरातल्या सगळ्यात थंड जागी. मी खिडकीतून शिवणकामवालीला हाक मारली, डॉक्टरांना बोलाव म्हटलं, आणि फडताळातल्या डब्याखालून किल्ली काढली. कुलूप गंजलेलं होतं, दोनदा फिरलं नाही. तिसऱ्यांदा फिरलं. आईंना गादीसकट जमिनीवर घेतलं आणि ओढत त्या खोलीत नेलं. तुझ्या दादाचा सदरा अजून खुंटीवर आहे. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाय माठातल्या पाण्याच्या परातीत. मानेला, काखेत ओलं फडकं. वारा. शिवणकामवाली बर्फ घेऊन आली होती, हात तिकडे गेला, मास्तरीण आठवली, हात मागे घेतला. आईंना शुद्ध नव्हती तोवर तोंडात काही घातलं नाही. हात थरथरू दिले नाहीत.

डॉक्टर तासाभराने आले. सलाईन लावलं. म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर मी येऊन उपयोग नव्हता. हे सगळं कुठे शिकलात? मी म्हटलं, कोंबड्यांवर. त्यांना वाटलं मला भोवळ येते आहे, त्यांनी मलाही बसवलं.

संध्याकाळी आईंनी डोळे उघडले. तुतीची पानं वाजत होती. पहिलं वाक्य, "ही तुमची खोली ना?" मग म्हणाल्या, "किती राहिल्यात? तीन?"

पुढचं त्या स्वतः सांगणार आहेत. मला समोर बसवलं आहे, कागद घ्यायला लावला आहे, आणि दम दिला आहे की एक शब्द बदलायचा नाही.

तुझी,
वहिनी


(त्याच पाकिटात)

पोरी,

आशीर्वाद. हे मी सांगते आहे आणि तुझी वहिनी लिहिते आहे. मधे मधे तिचं पेन थांबतं. थांबू दे, मला घाई नाही, मी कुठे जाते आहे?

टकलीच्या उजव्या पायाचं एक नख वाकडं आहे. ती फळी चढली की दोनदा टप आणि एकदा खर्र असं वाजतं. सहा वर्षं ऐकते आहे. एप्रिलात एका संध्याकाळी ती दोनदा चढली. मला वाटलं, बाहेर पळाली असेल. दुसऱ्या दिवशीही दोनदा. मग एका संध्याकाळी पाचदा. मी म्हटलं, "सात?" ही म्हणाली, "सात." मी गप्प बसले.

का गप्प बसले ते ऐक. मीच बोलून बसले होते ना, शेवटची गेली की मला हलवा. मोजलं असतं तर हलावं लागलं असतं. म्हणून खिडकी उघडी ठेवून दिवसभर ऐकत बसायची, आवाज आहे ना, आहे, म्हणजे आहे. हिला वाटायचं मला कळलं तर मी खचेन. मला वाटायचं हिला कळलं की मला कळलंय, तर ही माझी पिशवी भरेल. दोघी एका घरात, रोज संध्याकाळी एकमेकींना सात सांगत होतो.

खुराडं हलव म्हणून हिने डोकं फोडलं, मी नाही म्हटलं. माझा पलंगसुद्धा हलवता येतो हे हिच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण बोलले नाही. ती खोली उघड असं मी कोणत्या तोंडाने सांगू? माझाही मुलगा होता तो. आता खुराडं तुतीखाली आहे आणि मी इकडे या खिडकीत. गार वाटतं. तिघींची कुजबूजही छान ऐकू येते.

आता तुझं. चौथ्या मजल्यावर इतकी कुत्री कोण पाळतं? आणि जावईबापू वर्ष उलटून गेलं तरी एकदाही मागे खोकले नाहीत? त्या माणसाला बारमाही खोकला. मी वाट बघत होते तू कधी सांगतेस. तू उंबऱ्यात जे बोललीस ते मी ऐकलं होतं. माझे कान चांगले आहेत, पण ऐकलेलं सगळं मी ठेवतेच असं नाही.

तू ये. तेरा तारखेच्या आत ये. पोतं इथेच राहील, उचलणारी बदलेल. मी सोपी नाही, ते तुला माहीत आहे. हिला पिशवी भर म्हटलं तर ही कोंबड्यांची भांडी विसळायला निघाली आहे. तू आल्याशिवाय ही उंबरा ओलांडायची नाही.

तुझी,
आई


९ जून

वहिनी,

आईचं पत्र मी दवाखान्यातल्या टेबलावर वाचलं. समोर मांजर घेऊन आलेले एक आजोबा बसले होते, ते म्हणाले, बाई, तुमचा नंबर आधी लावा.

येते. बाराला संध्याकाळी पोचते. डॉक्टरीणबाईंनी ऑगस्टअखेरपर्यंत जागा ठेवली आहे. पुढे काय, मला ठाऊक नाही. खरं सांगते, पिशवी भरताना मला धाप लागते आहे. आई आणि मी, चार भिंती, दिवसभर. तू तीन वर्षं कसं केलंस हे मी आजवर एकदाही विचारलं नाही. आता विचारून उपयोग नाही, कळेलच.

चष्मेवाल्यांना कळव.

नणंद


१५ जून

प्रिय वहिनी,

तुझी बस वळणावर दिसेनाशी झाली आणि मी अंगणात उभी राहिले. दार उघडंच होतं, तरी आत जायला पाय उचलेना. आतून आवाज आला, "कोण?" मी म्हटलं, "मी." "मी म्हणजे कोण?" तू कधी सांगितलं नाहीस की हे रोज असतं.

तू भिंतीवर लावलेली यादी वाचली. आईच्या गोळ्या, पाणी बदलायच्या वेळा, टकलीला छातीशी धरलेलं आता आवडतं, इतकं सगळं. तुझ्याबद्दल त्यात काहीच नाही. तू कुठे बसून चहा प्यायचीस ते शोधत होते. शेवटी मोरीच्या पायरीवर एक जागा झिजलेली दिसली, तिथे बसले. तिथून फक्त भिंत दिसते.

दुपारी आई आणि मी दोनदा भांडलो. एकदा पडद्यावरून, एकदा काही नसताना. मी बाहेर येऊन गोणपाटं भिजवली, चार वेळा, गरज नसताना. आता कळतं तू दर दोन तासांनी का जात होतीस.

साडेपाचला तुतीखाली उभी राहिले. थोरलीला हाक मारली. मग भांडखोरला. मग टकलीला. टप, टप, खर्र. खिडकीत आईची बोटं दिसत होती, तीन मिटलेली. चौथं तिने तसंच उघडं धरलं होतं.

मी म्हटलं, "तीनच आहेत आई, आता खोटं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "एक सकाळी गेली."

"कुठली?"

"जिला मी कधी मोजलीच नाही ती."

मग तिने ते बोट मिटलं नाही, हातच खाली ठेवला, आणि विचारलं तू पाण्याची बाटली घेतलीस का.

पोचलीस की कळव. या खोलीत फोनला रेंज नाही, आणि पश्चिमेच्या खिडकीत बोललेलं आईला इथपर्यंत ऐकू येतं, तेव्हा पत्रच टाक. मोठ्याने वाचून दाखवावं लागेल, इतकं लक्षात ठेव. आणि जे तिला ऐकवायचं नसेल ते वेगळ्या कागदावर लिही. मी ते मोरीच्या पायरीवर बसून वाचेन.

तुझी,
वन्सं